‘सिल्हुएट’मधला ‘ह’ कोणाचा?

प्रश्न असा आला आहे: “फोटोग्राफीतला ‘सिल्हौट’ हा शब्द एका कंजूष फ्रेंच अर्थमंत्र्याच्या आडनावावरून आला म्हणतात. फ्रेंचमध्ये शेवटी ‘-एत’ असलं की ‘छोटं’ असा अर्थ होतो. मग हे ‘सिल्हू’ म्हणजे काय? या आडनावाची माणसं आज आहेत का? आणि मराठीत लिहायचं कसं?”

पहिलं म्हणजे ‘सिल्हौट’ लिहिणं बंद करा. हा उच्चार जगातल्या कुठल्याही भाषेत नाही. इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांनी वाचून तोंडाने ठोकून दिलेला आहे. त्याहून चीड येते ती सूर्यास्तासमोर उभ्या माणसाच्या काळ्या आकृतीला ‘छायाचित्र’ म्हणणाऱ्यांची. छायाचित्र म्हणजे फोटो, हे मराठीत कधीच ठरून गेलेलं आहे. फोटोमधल्या काळ्या आकृतीलाही छायाचित्रच म्हणायचं, तर ‘छायाचित्रातलं छायाचित्र’ असं काहीतरी लिहावं लागेल. ‘छायाकृती’ म्हणा, बोलताना ‘सावलीचित्र’ही चालेल.

आता मंत्री. एतिएन द सिल्हुएट, जन्म १७०९, लिमोज. इंग्रज कवी अलेक्झांडर पोपच्या ‘मानवावरील निबंधा’चं फ्रेंच भाषांतर करणारा वाचता माणूस, पुढे फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीवर राजाने नेमलेला आयुक्त. सप्तवार्षिक युद्धाने खजिना रिकामा झाल्यावर ४ मार्च १७५९ रोजी तो महानियंत्रक, म्हणजे अर्थमंत्री झाला. आल्या आल्या करवसुलीच्या मक्त्याचे प्रत्येकी १,००० लिव्रचे ७२,००० भाग विक्रीला काढून त्याने पैसा उभा केला, आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मग नोकरचाकर, घोडागाड्या, चैनीच्या वस्तू यांवर कर बसवायची योजना पुढे आली. चांदीची ताटं-वाट्या टांकसाळीत वितळवायला द्या असं सांगायची पाळी आली, आणि त्याच लोकांनी त्याला खाली आपटलं. नोव्हेंबरमध्ये घरी. कारकीर्द साडेआठ महिन्यांची.

त्याच्या नावाने ‘सिल्हुएट पद्धतीचं’ हा वाक्प्रचार पॅरिसभर झाला. लुई-सेबास्तिअँ मेर्सिए या लेखकाने १७८० च्या दशकात पॅरिसचं वर्णन लिहिताना याची यादीच दिली आहे: बिनखिशांच्या विजारी (ठेवायला पैसे कुठे आहेत?), ओबडधोबड लाकडाच्या तपकिरीच्या डब्या, आणि मेणबत्तीच्या उजेडात कागदावर पडलेल्या सावलीची कड गिरवून काढलेले चेहरे. तैलचित्र परवडत नाही म्हणून सावली. विजारी आणि डब्या विसरल्या गेल्या, सावल्या राहिल्या.

लित्रेच्या थोर फ्रेंच कोशात मात्र दुसरीच कहाणी आहे: मंत्रिमहोदयांना स्वतःलाच सावल्या गिरवायचा नाद होता, आणि ब्री-स्यूर-मार्न इथल्या त्यांच्या वाड्याच्या भिंती असल्या चित्रांनी भरल्या होत्या. लित्रेबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगायचं तर ही गोष्ट उचलली आहे १८६९ च्या एका वर्तमानपत्रातून. मंत्र्याला जाऊन तेव्हा शंभर वर्षं उलटली होती. मेर्सिएने लिहिलं तेव्हा त्या बिनखिशांच्या विजारींवर हसलेली माणसं पॅरिसात हिंडत होती. एकीकडे डोळ्यांदेखत पाहिलेली पिढी, दुसरीकडे शतकानंतरची वाडा दाखवणाऱ्याची कथा. कोशात छापलं म्हणून दोघांना सारखं वजन देणारे लोक कोश वापरत नाहीत, कोशाला नमस्कार करतात. ब्रीचा एक योगायोग मात्र खरा आहे. सिल्हुएट १७६७ मध्ये तिथेच वारला, आणि आद्य फोटोवाला दागेर आयुष्याची शेवटची वर्षं त्याच गावात राहून १८५१ मध्ये तिथेच वारला. छायाकृती आणि छायाचित्र यांच्यात गोंधळ घालणाऱ्यांना एवढी एकच सवलत देता येईल, की दोन्हींचं गाव एक आहे.

पण हा सगळा शब्दाचा इतिहास झाला. गंमत आडनावात आहे.

‘-एत म्हणजे छोटं’ हे सिगारेट, कॅसेट यांच्या बाबतीत बरोबर. सिल्हुएटच्या बाबतीत साफ चूक, कारण हे आडनाव फ्रेंच नाहीच. ते बास्क आहे, म्हणजे फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या बास्क लोकांच्या भाषेतलं. घराणं बियारित्सकडचं, म्हणजे फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या लापुर्दी या बास्क मुलखातलं. मूळ रूप ‘सिल्हुएता’. ‘सिल्हो’ किंवा ‘सिलो’ म्हणजे भोक, बीळ, खळगा. ‘-एता’ म्हणजे जिथे ती गोष्ट मुबलक आहे अशी जागा. सिल्हुएता म्हणजे बिळांची, खळग्यांची जागा. पिरेनीज डोंगरांच्या दक्षिणेला, स्पेनच्या बाजूला, याच शब्दाचं रूप ‘सुलो’ आहे, आणि तिथलं आडनाव सुलोएता किंवा सुलुएता. म्हणजे स्पॅनिश जगातले सुलुएता आणि फ्रान्समधले सिल्हुएट हे एकाच शब्दाचे दोन काठ. हा ‘सुलो’ स्पॅनिशमध्येही शिरला आहे: शस्त्रं किंवा पळवून आणलेला माणूस लपवायच्या भुयारी खोलीला तिथे ‘सुलो’ म्हणतात.

बास्कमध्ये चांदीला ‘सिल्हार’ म्हणतात, तेव्हा चांदीची भांडी वितळवणाऱ्या मंत्र्याचं आडनाव चांदीवरून आलं असं सिद्ध करायचा मोह कोणालाही होईल. आवरा. ‘सिल्हार’मधला ‘र’ गेला कुठे, याला उत्तर नाही. आणि चांदीची मुबलक जागा बियारित्सच्या आसपास तर नाहीच नाही. बिळं मात्र कुठेही असतात.

‘-एता’वर थोडं थांबायला हवं, कारण एकदा तो ओळखता आला की बास्क आडनावं आपोआप उलगडतात. ‘हारी’ म्हणजे दगड, त्यावरून आर्रिएता. ‘सुबी’ म्हणजे पूल, त्यावरून सुबिएता. ‘पागो’ म्हणजे बीचचं झाड, त्यावरून पागोएता. आपल्याकडे हेच काम ‘राई’ करते: आमराई, देवराई, वनराई. पागोएता म्हणजे बीचराई. आणि सिल्हुएता म्हणजे, भाषेला जरा ओढून धरलं तर, बीळराई.

हा ‘-एता’ लॅटिनच्या ‘-एटुम’, अनेकवचनी ‘-एटा’, या प्रत्ययावरून बास्कने उसना घेतला असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्या लॅटिन प्रत्ययाचा अर्थही राईच. फ्रेंचमध्ये तो झिजून ‘-ए’ किंवा ‘-वा’ झाला. पॅरिसजवळचं ओल्ने म्हणजे आल्डरच्या झाडांची राई, शातने म्हणजे चेस्टनटची, रूव्रे किंवा रूव्र्वा म्हणजे ओकची. फ्रान्सभर सापडणारं दलोने हे आडनाव म्हणजे ‘आल्डरच्या राईतला’. तेव्हा सिल्हुएटच्या शेपटाचं नातं जुळवायचंच तर ते सिगारेटशी जुळत नाही, दलोनेशी जुळतं. सिगारेटचं ‘-एट’ लॅटिनच्या ‘-इट्टा’वरून आलेलं, दिसायला सारखं, रक्ताचं नातं शून्य. फ्रेंच कारकुनाने बास्क ‘-एता’ ऐकलं आणि हाताच्या सवयीने दोन ‘टी’ आणि एक मुका ‘ई’ लावून दिला. सगळा घोटाळा तिथला.

नावामागचं ‘द’ पाहून सरदारकी समजू नका. जागेच्या नावाला लागलेलं ते ‘चा’ आहे, म्हणजे आपलं ‘-कर’. अर्थाने जवळचं मराठी आडनाव शोधायचं तर गुहागरकर आठवतं. पण गुहागरमधली ‘गुहा’ खरी की ती गुह म्हणजे कार्तिकेयाची, हे वेगळं भांडण आहे.

बास्क आडनाव गावापेक्षाही घराचं असतं. एचेबेरी म्हणजे ‘नवं घर’. नवार प्रांतातल्या एका वाड्याचं हे नाव झिजत झिजत ‘हाविएर’ झालं, आणि त्या वाड्यात १५०६ मध्ये जन्मलेल्या फ्रान्सिसचं पार्थिव जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये आहे. गोव्यात, वसईत, मुंबईत ज्यांचं नाव झेवियर आहे त्यांच्या नावाचा अर्थ ‘नवं घर’. नवघरे म्हणा हवं तर. सिल्हुएट आणि झेवियर हे असे एकाच आळीतले.

आता लोकसंख्या. आडनाव दुर्मीळ आहे, पण माणसं आहेत. संख्या शोधताना लोक ज्या चुका करतात त्या आधी सांगतो.

‘इन्से’ या फ्रेंच सांख्यिकी संस्थेची आडनावांची यादी फुकट मिळते. १८९१ ते २००० पर्यंतचे जन्म दशकवार. पहिली चूक: यादीत नाही म्हणजे आडनाव संपलं, असं धरणं. त्या संपूर्ण काळात ज्या आडनावाचे जन्म तीसपेक्षा कमी, ती सगळी ‘इतर नावे’ या एका ओळीत कोंबलेली आहेत. दुसरी: आकडा म्हणजे आज हयात माणसं, असं समजणं. ते जन्म आहेत, तेही फ्रान्समधलेच. तिसरी: सुरुवातीच्या दशकांवर विश्वास. ज्या नोंदींवरून यादी निघाली त्या संगणकावर गेल्या १९७० च्या दशकात. त्याआधी वारलेले त्यांत नाहीत. त्यामुळे १८९१ ते १९०० चा आकडा नेहमीच तोकडा असतो, आणि आडनाव ‘वाढलं’ असा भास होतो.

चौथी चूक शोधयंत्रावरची. ‘सिल्हुएट’ हा सामान्य शब्द असल्याने जुन्या फ्रेंच वर्तमानपत्रांत नुसता शोधला तर कपड्यांच्या जाहिरातींचा ढीग पडतो. ‘माहेरची सिल्हुएट’, ‘विधवा सिल्हुएट’ यांसाठीची फ्रेंच रूपं घालून शोधा. निधनवार्ता आणि लग्नाच्या नोंदी तेवढ्या गाळून येतात. नागरी जन्म-मृत्यू नोंदी सप्टेंबर १७९२ पासून सुरू होतात. जिल्हा अभिलेखागारात त्यांच्या दशवार्षिक अनुक्रमणिका असतात. आधी अनुक्रमणिका, मग नोंद, हाच क्रम ठेवा. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत, आणि तिथे स्पेलिंग पाद्रीबाबांच्या कानावर.

बास्क मुलखात आणखी एक खड्डा आहे. घराचा वारस तिथल्या जुन्या रिवाजाने थोरलं मूल, मग मुलगी का असेना. तिच्याशी लग्न करून जो घरात आला तो घराच्या नावाने ओळखला जाई. घरजावई म्हणा, पण इथे त्यात कमीपणा नाही. त्यामुळे वहीत ‘सिल्हुएता घराचा धनी’ दिसला म्हणजे तो रक्ताचा सिल्हुएता असेलच असं नाही, आणि खरा रक्ताचा धाकटा भाऊ दुसऱ्या घराच्या नावाखाली सापडतो. वंशावळ काढताना घराचं नाव आणि आडनाव यांचे दोन वेगळे रकाने ठेवले नाहीत, तर तिसऱ्या पिढीत सगळं विस्कटतं.

दुर्मीळ आडनावं मरतात त्याचं साधं कारण म्हणजे मुलगा नसणं. विवाहित जोडप्याच्या मुलांना बापाचंच आडनाव, हा नियम पिढ्यान्‌पिढ्या होता. तो बदलणाऱ्या कायद्याची तारीख ४ मार्च २००२, अंमल २००५ पासून. (४ मार्च! सिल्हुएट मंत्री झाला तीच तारीख. यातून काहीही सिद्ध होत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.) दुसरं कारण लाज. पॅरिसच्या ज्या अधिकाऱ्याने घरोघर कचऱ्याचे डबे सक्तीचे केले त्याचं आडनाव पुबेल. आज फ्रेंचमध्ये ‘पुबेल’ म्हणजेच कचऱ्याचा डबा. असलं आडनाव घेऊन शाळेत जाणाऱ्या पोराची कल्पना करा. अशांना न्याय मंत्रालयाकडे रीतसर अर्ज करून आडनाव बदलता येतं. सिल्हुएटवाले या बाबतीत नशीबवान, कारण त्यांच्या आडनावाचा अर्थ आता ‘सुबक बांधा’ असाही होतो. सेशेल्समध्ये या मंत्र्याच्या नावाचं बेटही आहे. आणि सेशेल्स हे नावसुद्धा त्याच्याआधीच्या एका अर्थमंत्र्याचं, मोरो द सेशेलचं. हिंदी महासागरात फ्रेंच अर्थखात्याला इतका मान कसा मिळाला कोण जाणे.

राहिला लिहिण्याचा प्रश्न. फ्रेंच उच्चार ‘सिल्वेत’च्या जवळ जातो, इंग्रजी ‘सिलुएट’. दोन्हींत ‘ह’ मुका. म्हणून ‘सिलुएट’च शुद्ध, असा निकाल शुद्धलेखनवाले देतात. तो मला मान्य नाही. १५७१ मध्ये छापलेल्या, बायबलमधल्या नव्या कराराच्या बास्क भाषांतरापासून उत्तरेकडच्या बास्कमध्ये ‘एल’नंतर ‘एच’ लिहिलेला सापडतो, आणि तो शोभेचा नव्हता, श्वास सोडून म्हणायचा होता. (गोव्याच्या कार्व्हाल्योमधला ‘एलएच’ वेगळा. तो पोर्तुगीज, तिथे ‘ल्य’ म्हणतात; त्याला ‘कार्व्हाल्हो’ करणारे पुन्हा डोळ्यांनीच वाचतात.) फ्रेंचांना तो ‘ल्ह’ झेपला नाही, इंग्रजांना तर नाहीच. आपल्याला झेपतो: कोल्हा, कल्हई, विल्हेवाट, मल्हार. तेव्हा ‘सिल्हुएट’ लिहा, ‘ह’ म्हणा, आणि कोणी हसलं तर बियारित्सकडे बोट दाखवा. ‘सिल्हूट’ही नको, ‘-एता’ गिळला तर राई जाते आणि नुसतं बीळ उरतं.