पालकांचे प्रश्न : डब्याचं झाकण, दप्तराचं वजन आणि सहा पस्तीसची बस

शाळा सुरू होऊन महिना झाला. ठाणे आणि नवी मुंबईहून आलेल्या पत्रांत या वेळी पहिली ते चौथीच्या पालकांचीच गर्दी आहे. त्यांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. शाळा सव्वासातची, बस सहा पस्तीसला येते. रोज सकाळी आरडाओरडा आणि रडारड. या महिन्यात दोनदा बस चुकली. तो मुद्दाम करतो का?
– एक आई, कासारवडवली, ठाणे

उत्तर : मुद्दाम करत नाही. ‘लवकर आवर’ हे आपल्याला एक वाक्य वाटतं, पण सात वर्षांच्या मुलासाठी ती पाच-सहा वेगवेगळी कामं असतात आणि पहिलं कुठलं करायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आधी घड्याळ उलटं मोजा. बस ६.३५ ला असेल तर दाराबाहेर ६.२० ला पडायला हवं. घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींत त्या वेळी सगळ्यांनाच खाली जायचं असतं, लिफ्टसाठी पाच मिनिटं धराच. म्हणजे उठायचं ५.३५ ला. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. नऊच तास धरले तरी रात्री साडेआठला दिवा मालवायला हवा. घोडं अडतं ते इथे. बाबा मुंबईहून नऊला येतात आणि मूल त्यांच्यासाठी जागं राहतं. शक्य असेल तर सकाळी बसस्टॉपवर सोडण्याचं काम बाबांकडे द्या. ती दहा मिनिटं त्या दोघांची.

रात्री झोपण्याआधी गणवेश, बनियन, चड्डी आणि मोजे खुर्चीवर घालायच्या क्रमाने ठेवायचे, सगळ्यात आधी घालायचं ते सगळ्यात वर. दप्तर दाराशी. बूट ओले असतील तर आतली पट्टी काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. मोज्यांचा एक जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दप्तरात असू द्या. हे सगळं मुलाने स्वतःच्या हातांनी करायचं, आईने शेजारी उभं राहायचं. पहिले आठ दिवस याला दुप्पट वेळ लागेल. लागू दे.

सकाळच्या कामांत शौचाला दहा मिनिटं राखून ठेवा. ही पायरी गाळली तर मूल दिवसभर दाबून धरतं, कारण शाळेच्या स्वच्छतागृहात जायला लहान मुलं कां-कू करतात. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला ‘पोटात दुखतंय’ म्हणणाऱ्या मुलांत अशी पुष्कळ असतात. वेळ कमी पडत असेल तर आंघोळ रात्री उरकली तरी चालते. आणि मोबाइल दाखवत दूध पाजू नका. पाच मिनिटांचं काम पंधरा मिनिटांवर जातं, शिवाय मोबाइल काढून घेताना रडणं होतंच.

शाळांच्या वेळेबद्दल : चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला, पण अडचण असलेल्या शाळांना त्यात वाव ठेवलेला आहे. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांची अडचण खरी असते. बसची वेळ किंवा थांबा गैरसोयीचा असेल तर ड्रायव्हरशी हुज्जत घालू नका. स्कूलबससाठीच्या २०११ च्या राज्य नियमावलीनुसार शाळेत परिवहन समिती असते आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. अर्ज तिकडे द्या.

प्रश्न : पहिलीतली मुलगी डबा तसाच परत आणते. घरी तेच पदार्थ आवडीने खाते. बाई म्हणतात, वेळ पुरत नाही.
– एक पालक, नेरूळ

उत्तर : डब्यात काय द्यायचं हे नंतर. आधी रविवारी एक करून पाहा. शाळेचाच डबा नेहमीसारखा भरा, तासाभराने मुलीला जमिनीवर बसवा, घड्याळ लावा आणि अजिबात मदत करू नका. मधल्या सुट्टीत हात धुणं, डबा काढणं, उघडणं यात वेळ गेल्यावर प्रत्यक्ष खायला बारा-तेरा मिनिटं उरतात. बारा मिनिटांत डबा कुठवर पोचतो ते दिसेल.

झाकणातच पाच मिनिटं गेली तर नवल नाही. गरम पोळी-भाजी भरून लगेच झाकण लावलं की आतली हवा आणि वाफ नंतर थंड होऊन आकसते आणि रबराची कडा असलेलं झाकण आत ओढलं जातं. सकाळी तुमच्या हाताने सहज लागलेलं झाकण साडेनऊला सहा वर्षांच्या बोटांना उघडत नाही. वर्गात साठ मुलं असतात, बाई किती झाकणं उघडणार? बरीच मुलं तर सांगतही नाहीत, डबा तसाच पिशवीत ठेवून देतात. म्हणून अन्न ताटात काढून दहा मिनिटं वाफ जाऊ द्या, मग भरा. पोळी ओली होत नाही हा वरचा फायदा. चार बाजूंनी खटके असलेला डबा घेण्यापेक्षा एका बाजूने उचलता येणारं साधं झाकण बरं.

पोळी अख्खी घडी घालून देऊ नका. भाजी आत घालून गुंडाळी करा आणि गुंडाळीचे तीन तुकडे करा. पहिलीतल्या मुलीला लहान आकाराच्या दोन पोळ्या पुरे. रसभाजी, शेवया, सुटा भात घरी ठेवा. धिरडं, थालीपीठ, इडलीचे चार तुकडे, उकडलेला बटाटा भरून केलेली पोळी, म्हणजे एका हाताने उचलून खाता येईल ते द्या. छोट्या सुट्टीचा खाऊ वेगळ्या डब्यात आणि तो मुठीएवढाच. तो जास्त झाला की मधल्या सुट्टीत भूकच नसते. डबा परत आला तर रागावू नका, नुसतं पाहा : झाकण उघडलेलं होतं का?

प्रश्न : चौथीतल्या मुलाचं दप्तर आम्ही वजनकाट्यावर ठेवलं, साडेपाच किलो भरलं. शाळा म्हणते, आम्ही एवढं सांगतच नाही.
– एक वडील, कोपरखैरणे

उत्तर : दोघंही खरं बोलत असाल. राष्ट्रीय दप्तर धोरण, २०२० मध्ये तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो आणि पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो अशी मर्यादा आहे. मुलाच्या वजनाच्या दहा टक्के हा सोपा हिशेब. पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलो.

आता दप्तर उलटं करा आणि एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. चाकांची किंवा भरपूर कप्प्यांची सॅक रिकामीच किलोभर भरते. ७५० मिलीची स्टीलची बाटली भरली की साधारण किलो. दोनशे पानी वही पाव किलोच्या आसपास, अशा सहा असतील तर दीड किलो झालाच. उरलेल्यात दोन विषयांची उद्या नको असलेली पुस्तकं, चित्रकलेची वही आणि मागच्या आठवड्यातला ओला रेनकोट सापडतो.

शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय चांगली असेल तर ४०० मिलीची हलकी बाटली द्या. दोनशे पानांऐवजी शंभर पानी वह्या मागा, संपल्या की नवी. हे वर्गशिक्षिकेला विचारून करा, कारण काही शाळा वह्या एकाच मापाच्या मागतात. सॅक साध्या कापडाची, रुंद पट्ट्यांची आणि कमरेच्या वरच राहील अशी. जड वस्तू पाठीला चिकटून असलेल्या कप्प्यात.

वेळापत्रक दप्तराच्या झाकणाच्या आत चिकटवा आणि रात्री दप्तर मुलालाच भरू द्या. सगळं रोज नेणारी मुलं आळशी नसतात, भित्री असतात. एखादी वही राहिली तर ओरडा बसेल म्हणून ती सगळंच नेतात. वही विसरली तर कोऱ्या कागदावर लिहून घरी चिकटवायची, एवढी मुभा बाईंकडून आधी मागून ठेवा. पुष्कळ वजन त्या एका वाक्याने उतरतं.

प्रश्न : तिसरीतल्या मुलीच्या डायरीत आठवड्यातून दोनदा ‘वर्गकाम अपूर्ण’ असा शेरा येतो. घरी बसवलं की तेच काम ती वीस मिनिटांत करते. मग वर्गात काय होतं?
– एक आई, ऐरोली

उत्तर : घरी ती शेजारच्या पुस्तकात पाहून लिहिते. वर्गात फळ्यावर पाहायचं, लक्षात ठेवायचं, मान खाली घालायची, ओळ शोधायची आणि मग लिहायचं. दोन्ही कामं वेगळी आहेत.

भिंतीवर आठ-दहा फुटांवर एक कागद लावा. त्यावर मोठ्या अक्षरात लिहा : ‘खाडीत रोहित पक्षी उतरले.’ मुलीला उतरवून घ्यायला सांगा आणि ती किती वेळा मान वर करते ते गुपचूप मोजा. चार शब्दांना चार-पाच वेळा ठीक. दहा-बारा वेळा झाली तर ती अक्षर-अक्षर उतरवते आहे. ‘पक्षी’ या एका शब्दाला ती तीनदा वर पाहील, प, मग क्ष, मग वेलांटी, आणि तेवढ्यात ओळ हरवेल. यावर उपाय साधा आहे : शब्द एकदा पाहायचा, पुटपुटायचा, कागद उलटा करायचा, लिहायचा, मग ताडून पाहायचा. दहा दिवस एकेक शब्द, मग दोन-दोन. रोज पाच मिनिटं, त्याहून जास्त नको.

कागद वाचताना ती डोळे बारीक करते किंवा उठून जवळ जाते, तर सराव बाजूला ठेवा आणि आधी डोळे तपासा. तोंडी सूचना वारंवार चुकत असतील तर कानही.

मग कंपास पाहा. टोक केलेल्या दोन पेन्सिली, एक पांढरा खोडरबर, कचरा आत राहणारं शार्पनर आणि १५ सेंटिमीटरची पट्टी पुरते. बटण दाबलं की कप्पे उघडणारा कंपास हे खेळणं आहे. सुगंधी खोडरबर तर हुंगण्यासाठी आणि शेजारणीला दाखवण्यासाठीच असतो.

तिसरं कारण सुरुवातीचं. बाई ‘गणिताची वही काढा, तारीख टाका, समास सोडा’ म्हणतात तेव्हा सगळ्या वह्या एकाच तपकिरी कव्हरात असतील तर ती अजून वहीच शोधत असते. शाळेला तपकिरी कव्हर हवं तर असू द्या, पण वहीच्या पाठीवर विषयाप्रमाणे रंगीत पट्टी चिकटवा. दप्तरात वही उभी राहिली की पाठच वर दिसते.

पालकसभेत तुमच्या वाट्याला पाचेक मिनिटं येतात. ‘ती वर्गात कशी वागते?’ याला ‘तशी चांगली आहे, पण बोलते’ असं उत्तर मिळणार. त्याऐवजी विचारा, ‘तिला सुरू करायला उशीर होतो, की सुरू करून मध्ये थांबते?’ बाईंना हे नक्की माहीत असतं, फक्त कुणी विचारत नाही.

प्रश्न : आमच्या वेळी छडी होती, वर्ग शांत असायचे. आता नातवाच्या वर्गात गलका असतो. शिक्षकांना शिक्षा करताच येत नाही का?
– एक आजोबा, नौपाडा, ठाणे

उत्तर : मारता येत नाही आणि अपमानही करता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. सगळ्या वर्गासमोर ‘मठ्ठ’ म्हणणं यातच मोडतं. तसं घडलं तर आधी मुख्याध्यापकांना लेखी कळवावं. दाद लागली नाही तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्याकडे महानगरपालिकेकडे, लेखी तक्रार करता येते आणि त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो.

राहिला गलका. वर्ग शांत होतो तो सरावाने. जूनमधले पहिले पंधरा दिवस चांगल्या शिक्षिका धडा कमी आणि रांग जास्त घेतात : पाण्याला कसं जायचं, वही कुठे ठेवायची, बाईंनी हात वर केला की काय करायचं. नियम चार-पाचच असतात, आणि ‘गडबड करू नका’ ऐवजी ‘हात वर करून बोला’ असे, मुलांना करून दाखवता येतील असे. आजोबांनी घरी एवढंच करावं : नातवाचं बोलणं तोडू नये आणि त्यालाही मोठ्यांचं तोडू देऊ नये. वर्गातली निम्मी गडबड पाळी न थांबण्याची असते.

प्रश्न : दुपारचं सत्र, साडेबारा ते साडेपाच. मुलगी दुसरीत. गृहपाठ कधी करून घ्यावा? आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री दहापर्यंत ‘आज काय दिलंय?’ चालू असतं.
– एक आई, खारघर

उत्तर : दुसरीपर्यंत गृहपाठच नको, असं वर उल्लेखलेलं राष्ट्रीय दप्तर धोरण सांगतं. तिसरी ते पाचवीला आठवड्याला दोन तास. तरी शाळेने थोडं काही दिलं असेल तर सकाळी आंघोळ-नाश्त्यानंतर, साडेआठ ते नऊ. संध्याकाळी सहाला दमून आलेल्या मुलीला पुन्हा टेबलाशी बसवू नका. तिला खाली खेळायला सोडा. जेवण अकराला आणि हलकं. सव्वाबाराला पोटभर भात खाल्लेली मुलं पहिल्या तासाला पेंगतात.

ग्रुप आठनंतर आवाज बंद करून ठेवा. काय दिलंय हे मुलीने डायरीत पाहून सांगायचं. डायरीत नसेल तर एकदा तसंच शाळेत जाऊ द्या आणि बाईंना तिलाच विचारू द्या. दुसऱ्या दिवसापासून ती लिहून आणते की नाही पाहा. नाहीच आणलं तर डायरी भरायला शेवटच्या तासाला वेळ मिळतो का, हे बाईंना विचारा. बस आधी सुटणाऱ्या मुलांची ती पाच मिनिटं नेमकी बुडतात.