अध्यादेश, ठराव आणि विसरलेला महजर

कोल्हापुरातील एका वाचकाने विचारले आहे की, अमेरिकेतील आर्केटा या छोट्या शहराच्या नगरपरिषदेने 2003 मध्ये राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्यापासून नागरिकांचे स्वातंत्र्य जपण्यासाठी जो ‘ऑर्डिनन्स’ केला, त्याला मराठीत अध्यादेश म्हणावे की ठराव. माझे उत्तर असे की, दोन्ही म्हणू नये. तो उपविधी आहे, म्हणजे स्थानिक संस्थेने आपल्या अधिकारात केलेला बंधनकारक नियम. विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपती अनुच्छेद 123 खाली किंवा राज्यपाल अनुच्छेद 213 खाली काढतात तो अध्यादेश, आणि नगरपालिकेला तो काढता येत नाही. तरीही ‘महापालिकेचा अध्यादेश’ हा प्रयोग सतत कानांवर आदळतो. एका इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी शब्द ठेवून मोकळ्या होणाऱ्या परिभाषाकारांकडे मी याचा दोष देतो.

हा भेद केवळ शब्दांपुरता नाही. ऑक्टोबर 2001 मध्ये आलेल्या पॅट्रियट कायद्याने, म्हणजे वर सांगितलेल्या अमेरिकी राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्याने, तपासयंत्रणांना ग्रंथालयातील वाचकांच्या नोंदींपर्यंत हात घालण्याची मुभा दिली, तेव्हा चारशेहून अधिक स्थानिक संस्थांनी विरोध नोंदवला. बहुतेकांनी केले ते ठराव, म्हणजे सभेचे नोंदवलेले मत. आर्केटाने मात्र नागरी हक्कांचा भंग करणाऱ्या तपासाला आपणहून साहाय्य करणाऱ्या वरिष्ठ नगर-अधिकाऱ्याला 57 डॉलर दंड ठेवला. तेथे पोलीस शहराच्या अखत्यारीत असतात, म्हणून ते शक्य झाले. आपल्याकडे पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे. पंचायतींना अकराव्या अनुसूचीने दिलेल्या 29 विषयांत आणि नगरपालिकांना बाराव्या अनुसूचीने दिलेल्या 18 विषयांत तो नाही.

‘ठराव’ हा ‘ठरणे’पासून आला, हे उघड असल्याने त्यावर अधिक लिहीत नाही. खरा मोलाचा शब्द ‘महजर’ हा आहे. अरबीत ‘ह-ज़-र’ या धातूचा अर्थ समोर असणे. त्यापासून हजर, हजेरी आणि हुजूर हे शब्द मराठीत आले, आणि ‘जेथे सर्व समोर असतात ती जागा’ या अर्थाचा ‘महज़र’ फारसीतून येऊन आपला महजर झाला. मराठी अमलात गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी व वतनदारांच्या न्यायसभेपुढे, तंटा तुटला की, समोर बसलेल्या सर्वांची नावे लिहून जो कागद होई, तो महजर. लिहिता न येणाऱ्यांची निशाणी त्यावर उमटे: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. महजर म्हणजे निव्वळ निवाडपत्र, असे सांगून थांबणाऱ्या अभ्यासकांशी मी सहमत नाही. निवाडा एकट्या न्यायाधीशालाही देता येतो. महजराला समोर बसलेला गाव लागतो. कागल ओलांडून निपाणीच्या बाजूला गेले की, कन्नड पोलीस-व्यवहारात ‘महजर’ हा शब्द आजही पंचनाम्यासाठी वापरात आहे, आणि तेथेही कागदाला वजन येते ते समोर असलेल्या पंचांमुळेच.

याच धातूची दुसरी लेक म्हणजे हजेरी. काही जातींतील माणसांनी, गुन्हा केलेला असो वा नसो, रोज गावकामगारापुढे, म्हणजे गावच्या सरकारी कारभाऱ्यापुढे, उभे राहावे, ही ‘हजेरी’ची सक्ती राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात 1918 मध्ये बंद केली. सुव्यवस्थेच्या नावाखाली जन्मावरूनच संशयित ठरवलेल्यांना एका संस्थानाने दिलेले हे संरक्षण होते, आणि जन्मजात गुन्हेगार ठरवणारा ब्रिटिशांचा कायदा देशातून जायला 1952 उजाडले.

म्हणूनच ‘आरोपीला न्यायालयात सादर केले’ हे वाक्य मला सहन होत नाही. अहवाल सादर होतो, माणूस हजर केला जातो. अटक केलेल्याला 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचे बंधन अनुच्छेद 22 घालतो आणि त्याच अनुच्छेदाचे पुढचे कलम प्रतिबंधक स्थानबद्धतेत, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच डांबून ठेवण्यात, ते काढून घेते. 1980 च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली माणूस खटल्यावाचून बारा महिन्यांपर्यंत आत राहू शकतो. स्थानबद्धाला समोर आणा, असे सांगणाऱ्या आज्ञेला (हेबियस कॉर्पस) संविधानाच्या मराठी अनुवादात ‘देहोपस्थिती’ म्हटले आहे. आणीबाणीत, एप्रिल 1976 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी तो मार्गही बंद धरला, न्या. ह. रा. खन्ना एकटे विरोधात राहिले.

माझे मत असे की, ग्रामसभेने लोकांच्या स्वातंत्र्याच्या बाजूने मत नोंदवले आणि उपस्थितांनी त्याखाली नावानिशी सह्या केल्या, तर त्या कागदाला महजर म्हणावे. त्याने स्थानबद्धतेचा आदेश रद्द होणार नाही, हे खरे. पण शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवांवर लादलेल्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा केलेला ठरावही कायदा नव्हता, आणि तरी त्याच महिन्यात राज्य शासनाने तो कित्ता गिरवण्याचे आवाहन इतर ग्रामपंचायतींना केले.