देवासमोर शपथ घातली, तर दारू सुटेल का?

"ताई, ह्यांना रवळनाथासमोर उभं करून शपथ घालू का?" मालवण-देवगडच्या किनारपट्टीवर व्यसनमुक्तीचं समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. विचारणारी बहुतेक वेळा बायको असते, कधी आई. भांडून झालेलं असतं, रडून झालेलं असतं, दागिने गेलेले असतात. अशा वेळी माणूस ग्रामदेवतेकडे नाही तर कुणाकडे बघणार? त्यामुळे ही अंधश्रद्धा आहे असं म्हणून मी तो विषय उडवून लावत नाही. एका घराची हकीगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. घरधनी ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते, म्हणून इथे त्यांना तांडेलच म्हणते.

त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, त्यांना देवळात नेलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, तांडेलांनी देवाच्या पायरीला हात लावून "आजपासून थेंब नाय" असं सांगितलं, आणि त्या संध्याकाळपासून खरोखरच थेंब घेतला नाही. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, अंगाला दरदरून घाम, डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या रात्री ते ओटीवर बसून जाळं विणायला लागले. समोर जाळं नव्हतं. वहिनींनी मला ते हातांनी करून दाखवलं होतं: डाव्या हाताने दोरा ताणून धरायचा, उजव्याने सुई ओवायची, गाठ आवळायची, मग मान वाकडी करून दाताने दोरा तोडायचा. मध्येच भिंतीकडे बघून खलाशांना हाका मारायच्या. घरात कुणी म्हणालं बाधा झाली, कुणी म्हणालं देवाचा कोप. भाच्याने कुणाचं न ऐकता रिक्षा बोलावली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. तांडेल वाचले ते त्यामुळे.

ना ती बाधा होती, ना कोप. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली, की दारूने दाबून ठेवलेला मेंदू उसळतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, स्थळकाळाचं भान सुटतं, ताप चढतो. अशा अवस्थेत हात जन्मभराचं काम आपोआप करत राहतात. सुतार हवेत रंधा मारतो, तांडेल जाळं विणतो. उपचार मिळाले नाहीत तर यात जीव जाऊ शकतो. डॉक्टर मेंदू शांत करणारी औषधं आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, देऊन हे दिवस सुखरूप पार पाडतात. शपथ घालायची असेल तर जरूर घाला, पण त्याआधी डॉक्टर गाठा.

औषधोपचारानंतर तांडेल बरे राहिले. मग 1 जून उजाडला. पश्चिम किनाऱ्यावर 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. ट्रॉलर किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेले, बाहेर पाऊस, हाताला काम नाही. अशाच एका दुपारी ते प्यायले. तेव्हापासून देवळात जाणं बंद, माझ्याकडे येणं बंद, जेवायलाही पाठ करून बसायचे. बऱ्याच दिवसांनी वहिनी त्यांना घेऊन आल्या तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मिया देवाक फसयलंय, ताई. आता खंयच्या तोंडान देवळात जांव?"

शपथेचा धोका मला इथे वाटतो. शपथ एक तर पाळलेली असते, नाही तर मोडलेली, तिसरं काही नसतं. व्यसनातून बाहेर पडताना पाय घसरणं मात्र नेहमीचं आहे. घसरलेल्या माणसाला त्याच दिवशी कुणाला तरी सांगता आलं पाहिजे. शपथ मोडलेला माणूस सांगत नाही, लपवतो. लपवण्याची लाज बुडवायला पुन्हा पितो. ज्या देवाचा आधार व्हायला हवा, त्याच्यापासूनच तो तोंड चुकवत फिरतो.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना. आपल्याकडे जिला एए म्हणतात, तिची सुरुवात मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. 1935 च्या मे महिन्यात बिल विल्सन हे गृहस्थ अमेरिकेतल्या ॲक्रन गावी कामानिमित्त गेले होते. काम फसलं, जवळच हॉटेलचा बार होता. पिणं थांबवून त्यांना काही महिनेच झाले होते आणि देवाचा अनुभवही आला होता. तरी त्या संध्याकाळी त्यांनी फोन करकरून दारूशी झगडणारा दुसरा माणूस शोधला. ते होते डॉ. बॉब स्मिथ. श्रद्धा होतीच, पण त्या घडीला समोर एक माणूसही हवा होता. पुढे दारूतून बाहेर पडण्याच्या एएच्या बारा पायऱ्या लिहिताना त्यांनी देव "आम्हाला जसा समजला तसा" असं मुद्दाम म्हटलं, म्हणजे न मानणाऱ्यालाही आत यायला वाट राहिली.

तांडेलांना मी विचारलं, "गाऱ्हाण्यात गुरव काय म्हणतो?" त्यांना पाठ होतं. आपल्याकडच्या गाऱ्हाण्यात अडचण बोलून दाखवतात, राखण मागतात आणि "काय चुकला माकला असात तर लेकरांका माफ कर" असंही म्हणतात. जमलेली माणसं दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. चूक होणार हे त्यात धरलेलंच असतं, आणि गाऱ्हाणं कुणी एकट्याने घालत नाही.

मग असं ठरलं, की तिन्हीसांजेला दिवा लावल्यावर दोघांनी तिथेच बसायचं. तांडेलांनी दिवसातली एक खरी गोष्ट सांगायची. वहिनींनी उपदेश करायचा नाही, मागचं उकरायचं नाही, फक्त "व्हय म्हाराजा" म्हणायचं. नंतर वहिनींची पाळी. सुरुवातीला दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. एके दिवशी तांडेल म्हणाले, "आज दुपारी बंदरावर वास इलो, पाय थंय वळले." मग वहिनी म्हणाल्या, "तुमी उशिरा इलात, माझा काळीज हालला." त्यांच्या त्या वाक्याला तांडेलांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. इतक्या वर्षांत आपली भीती नवऱ्याने निमूट ऐकून घेतली, असं पहिल्यांदाच घडलं, हे वहिनींनी मला डोळे पुसत सांगितलं.

पूर्वी तांडेल भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. तो पुन्हा हाती घ्यावा असं मला मनापासून वाटत होतं, पण आपल्याकडे गणपतीत घरोघर भजन झाल्यावर काही ठिकाणी मागच्या पडवीत काय चालतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून बुवांना विश्वासात घेतलं. तरीही एका रात्री तांडेल प्यायले. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्यांनी ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. वहिनींना "व्हय म्हाराजा" म्हणायला बराच वेळ लागला, पण त्या म्हणाल्या. सकाळी दोघं माझ्याकडे आली, त्याच आठवड्यात तांडेल एएच्या मीटिंगलाही गेले. तेव्हापासून शेवटच्या घरचं भजन संपलं की बुवा त्यांना स्वतःच्या गाडीवर घरी सोडतात.

देव न मानणारेही माझ्याकडे येतात. एक निवृत्त शिक्षक रोज पहाटे किनाऱ्यावर चालतात आणि परत आल्यावर एका जुन्या मित्राला फोन करून रात्र कशी गेली ते सांगतात. त्यांना तेवढं पुरतं, मी त्यांना देवळात जायला कधी सांगितलं नाही.

तर ज्या वहिनी आता हे वाचत असतील त्यांच्यासाठी: चहात, आमटीत गुपचूप पूड किंवा गोळी घालू नका. दारूसोबत त्रास देणारी काही औषधं माणसाच्या नकळत दिली तर जिवावर बेतू शकतं. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस 14416 या दोन्ही मोफत आहेत. एएच्या मीटिंगला फी नसते, आणि घरच्यांसाठी अल-ॲनॉन हा वेगळा गट असतो; नवरा यायला तयार नसला तरी तुम्ही एकट्या जाऊ शकता. आणि दारू बंद करायला मुहूर्त बघत असाल, तर तो डॉक्टरांना विचारून ठरवा. हात थरथरत असतील, भास होत असतील, तर रात्र उलटायचीही वाट बघू नका.