वाचकांचे प्रश्न : हॅमस्टरचे पेव

प्रश्न : मुलाच्या हट्टामुळे लातूरहून सोनेरी हॅमस्टरची जोडी आणली. पंधरवड्यातच मादीने नराला चावून रक्तबंबाळ केले. दोघेही गालांत ज्वारी कोंबून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात लपवतात. माझे सासरे म्हणतात की हा आपल्या रानातला उंदीरच, फक्त रंग वेगळा. हे खरे आहे का? आणि भांडणे थांबतील का? (एक वाचक, औसा, जि. लातूर)

उत्तर : भांडणे थांबणार नाहीत, आजच दोघांना वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवा. सोनेरी हॅमस्टर हा एकट्याने राहणारा प्राणी आहे. मादी साधारण दर चार दिवसांनी माजावर येते आणि तेवढे काही तास सोडले, तर जवळ आलेल्या नराला ती हाकलून लावते. रानात नर पळून जातो, पिंजऱ्यात मात्र त्याला पळायला जागाच नसते. मादीवरही लक्ष ठेवा, कारण गर्भकाळ अवघा १६ दिवसांचा असतो.

या प्राण्याचे मूळ घर सिरियातील अलेप्पोभोवतीचा कोरडा, शेतीचा प्रदेश. १९३० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांच्यासाठी तिथले गव्हाचे शेत खणण्यात आले, तेव्हा एक मादी आणि तिची ११ पिल्ले हाती लागली. त्यांतली थोडीच जगली आणि भावाबहिणींच्या संकरातून जेरुसलेममध्ये त्यांचा वंश वाढला. आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्याच बिळाचे वारस आहेत. आपल्या घरातली जोडीही बहुधा त्याच कुळातली असावी, आणि मला स्वतःला ही गोष्ट दर वेळी थक्क करते.

आपल्या सासऱ्यांचे निरीक्षण मात्र मोलाचे आहे. काळ्या रानातला उंदीर ज्वारीची कणसे तोडून बिळात नेतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले असणार. तरीही ही दोन कुळे लक्षावधी वर्षांपूर्वी वेगळी झाली आहेत. त्याची खूण दाढांवर दिसते : हॅमस्टरच्या वरच्या दाढांवर उंचवट्यांच्या दोन ओळी असतात, तर आपल्या उंदराच्या वरच्या दाढांवर तीन. लेमिंग आणि व्होल हे उंदरासारखे दिसणारे छोटे कुरतडणारे प्राणी हॅमस्टरचे जवळचे नातलग. घरातला उंदीर आणि शेतातला उंदीर दुसऱ्या कुळातले. हॅमस्टरच्या गालांत खांद्यापर्यंत पोहोचणाऱ्या पिशव्या असतात, ज्यांतून तो दाणे कोरडेच वाहून नेतो. आपल्या उंदराला त्या नाहीत, तो कणीस तोंडात धरून ओढत नेतो. गालाची पिशवी तर आपल्या लाल तोंडाच्या माकडालाही असते, पण म्हणून कोणी त्याला हॅमस्टरचा भाऊ म्हणत नाही. सुगीत मुबलक धान्य आणि नंतर महिनोन्‌महिने काहीच नाही, अशा प्रदेशात ज्याने साठवले तो तगला. म्हणूनच वेगवेगळ्या वाटांनी आलेले प्राणी एकाच सवयीला पोहोचले. आपल्या पूर्वजांनी ज्वारीसाठी जमिनीत पेव खणले, त्यामागचे कारणही याहून फार निराळे नव्हते. तेव्हा कोपऱ्यातली ज्वारी झाडून टाकू नका. ते त्याचे पेव आहे. ओले किंवा हिरवे काही कुजत असेल, तेवढेच काढा.

उन्हाळ्याचे एक सांगतो. सिरियातही ऊन कडक असते, पण तिथे हा प्राणी सरासरी ६५ सेंटीमीटर खोल बिळात दिवस काढतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो तेव्हा पिंजऱ्यात त्याला जमिनीत उतरण्याची सोय नसते. पिंजरा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. गार फरशीवर ठेवा आणि आत लहानसे मातीचे मडके आडवे घाला.

प्रश्न : डिसेंबरात एका सकाळी आमचा हॅमस्टर थंडगार, निपचित पडलेला दिसला. घरातले त्याला पुरायला निघाले. तो खरोखर मेला होता का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : तपासल्याशिवाय पुरू नका. कडाक्याच्या थंडीत हॅमस्टर शीतनिद्रेत जाऊ शकतो. शरीराचे तापमान भोवतालच्या हवेजवळ उतरते आणि श्वास इतका मंद होतो की तो चटकन दिसत नाही. सोनेरी हॅमस्टर या निद्रेत मधूनमधून जागा होऊन साठवलेले धान्य खातो, त्यामुळे इथेही ते पेवच कामी येते. त्याला हातांच्या उबेत हळूहळू गरम होऊ द्या, शेकोटीजवळ नेऊ नका. अर्ध्या-एक तासात मिशा हलू लागल्या नाहीत, तर पशुवैद्यांना दाखवा.