शेवटच्या नळाचं पाणी

प्रश्न : बचत गटातल्या आम्हा पाच जणींना पाणी तपासायचं किट दिलंय, शिकवलंही आहे. गावाला चार दिवसांआड पाणी येतं. टाकीखालच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातला क्लोरीन बघायची चाचणी, घेतली की पिवळा रंग येतो. आमची वस्ती गावाच्या शेवटाला आहे, तिथे मात्र रंगच येत नाही. ग्रामपंचायतीत म्हणतात, "टाकीजवळचंच लिहा, उगाच गावाला लाल कार्ड नको." (लाल कार्ड म्हणजे गावाचं पाणी धोक्याचं असल्याचा शेरा.) मागच्या आठवड्यात वस्तीतल्या दोन लेकरांना जुलाब झाले. मी रजिस्टरमध्ये काय लिहू?
– एक भगिनी, औसा तालुका

उत्तर : ताई, आधी लेकरांचं. आशाताईंना आजच सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात कळू द्या आणि ओआरएस सुरू ठेवा. एकाच पाइपवरच्या दोन घरांत जुलाब म्हटल्यावर तिसऱ्या घराची वाट बघायची नसते. नळाचा निकाल लागेपर्यंत वस्तीतल्या सगळ्यांनी पाणी खळखळून उकळून प्यावं.

आता रजिस्टर. जे दिसलं तेच लिहा. शून्य आलं तर शून्य. तारीख, वेळ आणि कुणाच्या दारातला नळ, तेही लिहा. टाकीजवळचं वेगळ्या ओळीत घाला, तेही खरंच आहे. पण गाव काही टाकीखाली ओंजळ धरून पाणी पीत नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, यात उरलेला क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असावा असं आहे, आणि तो ग्राहकाच्या टोकाला तपासायचा असं तिथेच लिहिलंय. म्हणजे तुमच्या वस्तीत. हे वाक्य ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा.

मी आरोग्य खात्यात तीस वर्षं काढली. एका गावात गॅस्ट्रोची साथ आली म्हणून गेलो, तर रजिस्टर एकदम चोख. रोज 0.5, एकच शाई, एकच अक्षर. पानं उलटताना लक्षात आलं, त्यातले पाच दिवस गावाची डीपी जळालेली होती. मोटार बंद, टाकी कोरडी. तरी 0.5. त्या साथीत एक म्हातारी गेली. ते पान अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, म्हणून तुम्हाला इतकं आग्रहाने सांगतोय.

टाकीतला क्लोरीन वस्तीपर्यंत का पोचत नाही? तुमच्याकडे मला पाइपचाच संशय जास्त येतो. पुढच्या वेळी पाणी जायच्या बेताला तळहात तोटीला लावून बघा. हात आत ओढल्यासारखा होतो, फुस्स आवाज येतो. पाइप रिकामा होताना बाहेरचं आत खेचत असतो, आणि जिथे जोड गळका असेल तिथे बाहेर गटार असतं. व्हॉल्व्हचा खड्डा उघडून बघा, पावसाळ्यात बहुतेक ठिकाणी व्हॉल्व्ह पाण्यात बुडालेला सापडतो. प्रेशर नाही म्हणून लोक दारात कमरेइतका खड्डा खणतात आणि तळाला नळ घेतात. त्या खड्ड्यात सांडलेलं पाणी, शेळ्यांचं मूत, पोरांच्या चपलांचा चिखल, सगळं साचतं आणि पाणी गेलं की तेच पाइपात शिरतं. कुणी नळाला थेट मोटार लावली की ओढ आणखी वाढते. 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हापासून आपण पाणी किती येतं हेच मोजत बसलोय. चार दिवस कोरडा पडलेला पाइप काय काय ओढून घेतो, याची चर्चा आपल्याकडे होतच नाही.

तेव्हा गळती काढणं आणि खड्ड्यातले नळ ओट्यावर घेणं हे खरं काम. तोवर पाणी आल्यावर पहिल्या दोन-तीन बादल्या धुण्याला वापरा, पिण्याचं त्यानंतर भरा.

पावडरही बघून घ्या. ताज्या टीसीएलमध्ये, म्हणजे ब्लीचिंग पावडरमध्ये, साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतो. सिमेंटच्या गोण्यांशेजारी, ओल्या फरशीवर तोंड उघडं पडलेलं पोतं असेल तर त्यात नुसता चुना उरतो. मुठीत घेतलं की ढेकळं लागतात, नाकाला झिणझिण्या येत नाहीत. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे पन्नास हजारांच्या टाकीला पाव किलो. आधी बादलीत कालवायची, तळ बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची आणि अर्धा तास थांबून पाणी सोडायचं. ओटीचा रंग थेंब टाकल्या टाकल्या बघा. उशिरा येणारा पिवळेपणा धरू नका. तपासलेलं पाणी कुणाच्या, गुराच्याही, पिण्यात जाईल असं ओतू नका.

लाल कार्डाची भीती मला कळते. सरपंचाची मान खाली जाते. पण हे कार्ड ज्यात मिळतं ती वर्षातून दोनदा होणारी पाहणी गावातली गळकी जागा शोधायलाच असते. तुमची शून्याची ओळ त्यांना नेमकी जागा दाखवेल.

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट 60 आलं. उकळून प्यायलं तर चालेल का? घरात तीन महिन्यांचं बाळ आहे.
– एक शेतकरी, परभणी जिल्हा

उत्तर : नाही चालणार. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅमची आहे. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. टीसीएलचाही इथे उपयोग नाही. बाळाला या पाण्यात कालवलेली दूध पावडर अजिबात देऊ नका, तान्ह्यांच्या रक्तातला प्राणवायू त्याने कमी पडतो आणि अंग निळसर होतं. आईचं दूध चालू ठेवा. पिण्यापुरतं पाणी दुसऱ्या, तपासलेल्या ठिकाणाहून आणा. आणि बोअरपासून उकिरडा, गोठा आणि शोषखड्डा किती पावलांवर आहे, ते मोजून मला कळवा.