चिमुकल्यांसोबत काम करणाऱ्यांचे प्रश्न: स्वतःचं डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं?

अंगणवाडीत तीन वर्षांचा एक मुलगा सारखा चावतो. मी खेकसते आणि मग रात्रभर वाईट वाटतं. वजनं, पोषण ट्रॅकर ॲपमधल्या नोंदी, गृहभेटी यातून माइंडफुलनेसला, म्हणजे आत्ता मनात काय चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष द्यायला, वेळ कुठून आणू?

ताई, डोळे मिटून बसा असं मी सांगणारच नाहीये, समोर पंचवीस पोरं असताना डोळे मिटले तर काय होईल ते तुम्हालाच जास्त माहीत. आधी चावणाऱ्याला आणि ज्याला चावला त्याला वेगळं करा, त्यासाठी थांबायचं नाही. मग एक श्वास हळू सोडा, तळपाय जमिनीला टेकलेत ते जाणवू द्या आणि मनात विचारा, मला राग आलाय की भीती वाटतेय, दुसऱ्याची आई येऊन भांडेल याची? (बऱ्याचदा भीतीच निघते.) या वयात शब्द कमी पडतात म्हणून दात पुढे येतात, तो काही तुमच्यावर सूड उगवत नाहीये. दुपारी वहीत दोनच ओळी लिहा, चावायच्या आधी काय झालं आणि मला काय वाटलं. आठ-दहा दिवसांनी वही चाळा, कदाचित खाऊची रांग लागली की चावतो असं काहीतरी सापडेल, मग रांगच बदलता येते.

रिफ्लेक्टिव्ह सुपरव्हिजन म्हणजे आमची आठवड्याची मीटिंगच ना?

नाही हो! मीटिंगमध्ये किती केसेस झाल्या ते विचारतात, रिफ्लेक्टिव्ह सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे सिनियरसोबत बसून आपल्या कामाबद्दल बोलताना, त्या केसने तुमचं काय झालं ते विचारायचं. अमेरिकेत मिशिगनमध्ये घरोघरी जाऊन बाळं आणि आईवडिलांसोबत काम करणाऱ्या सेल्मा फ्रायबर्गनी १९७५ साली सहकाऱ्यांसोबत लिहिलं होतं की आईबापांच्या स्वतःच्या लहानपणाची भुतं बाळाच्या खोलीत येऊन बसतात. माझं म्हणणं, आपलीही येतात. एका गप्प बसणाऱ्या बाबांवर मी उगाच चिडायचे, सिनियरने विचारलं, 'हे तुला कोणासारखे वाटतात?' आणि मला रडूच आलं, माझेही वडील तसेच होते. पुढच्या भेटीत मी त्यांना पहिल्यांदा नीट ऐकलं. तर वेळ ठरलेली ठेवा, फोन बंद, आणि शक्यतो जो तुमचं अप्रेझल लिहितो तो माणूस नको, त्याच्यासमोर खरं कोण बोलणार.

मी बालमानसतज्ज्ञ आहे, रोज ध्यान करते तरी केसेस घरी येतात, झोप लागत नाही.

मग ध्यान वाढवू नका, केसेस कमी करून मागा. संस्थेने स्टाफ द्यायच्या ऐवजी ध्यानाचं ॲप दिलं तर मला राग येतो, खरंच. झोपेचं दोन-तीन आठवडे असंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आपणच या क्षेत्रातले म्हणून लाजू नका.