फलक छापायला टाकण्याआधी
आधी परवानगीचा अर्ज कर, मग छापायला टाक. बहुतेक शहरांत आकार, जागा आणि मुदत ठरवून दिलेली असते, आणि छापलेला फलक काही आटत नाही! सिग्नल, वाहतुकीच्या पाट्या, विजेचे खांब, झाडं यांच्या वाटेला जाऊच नकोस. झाडाला ठोकलेला खिळा सालीखालच्या जिवंत थरात घुसतो, तिथूनच कीड-बुरशी आत शिरते. कोपऱ्यावर लावायचा असेल तर गाडीत बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीला वाकून बघ, रस्ता ओलांडणारा दिसतो का. मी पहिल्या वेळी बघितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी फलक जप्त, दंड वेगळा. खळीपेक्षा सुतळी बरी, कारण काढायचंही आपल्यालाच असतं. मुदत संपते त्या संध्याकाळी कात्री घेऊन जा आणि सुतळीचे तुकडेसुद्धा उचलून आण.